एवढं ऊन असून कुवेतमध्ये सोलर का वाढत नाही

कुवेतमध्ये मित्रिबा म्हणून एक ठिकाण आहे. तिथं २१ जुलै २०१६ ला ५३.९ डिग्री तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं नंतर तपासून ते मान्यही केलं. म्हणजे उन्हाला तिथं काही तोटा नाही. पैशालाही नाही, तेलातून येणारा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायचा म्हणून त्यांनी १९७६ मध्येच एक फंड काढला आणि असे जे मोठे सरकारी फंड जगात आहेत त्यात कुवेतचं नाव वरच्या रांगेत येतं. तरी या देशाच्या विजेत सूर्य आणि वारा मिळून १ टक्काही भरत नाही. २०१२ मध्ये दोह्याच्या हवामान परिषदेत तेव्हाचे अमीर, म्हणजे देशाचे राज्यकर्ते, शेख सबाह अल अहमद यांनी सांगितलं होतं की २०३० पर्यंत आमची १५ टक्के वीज रिन्यूएबल असेल.

तेलवाले देश सोलरकडे का वळत नाहीत, याचं उत्तर लोक पटकन देऊन मोकळे होतात की तेल आहे ना त्यांच्याकडे, कशाला वळतील. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, कारण हिशोब मांडला तर उलटंच दिसतं, तेल विकणाऱ्या देशाला तर सोलर जास्त परवडायला पाहिजे. मग घोडं नेमकं कुठं अडतं ते एका देशावर नीट बघू, आणि कुवेत घेऊ, कारण कोकणातली आणि गोव्यातली किती माणसं तिथं आयुष्य काढून आली आणि आजही आहेत, तिथला उन्हाळा आणि तिथलं लाईट बिल आपल्या घरांतून बोललं जाणारं आहे.

सुरुवात बिलापासूनच करू, कारण सगळी गाठ तिथंच आहे.

कुवेती नागरिकाच्या घराला विजेचा दर आहे युनिटला २ फिल्स. १,००० फिल्सचा एक दिनार, म्हणजे आपल्या पैशात युनिटला पन्नास-साठ पैसे. आणि हा दर १९६६ पासून तोच आहे. मधल्या काळात युद्ध झालं, तेल दहा डॉलरलाही आलं आणि शंभरच्या वरही गेलं, पण २ फिल्स काही हलले नाहीत. वीज बनवायला सरकारला येणारा खर्च याच्या कित्येक पट आहे, वरचं सगळं सबसिडी.

आता समजा तिथल्या एखाद्याला मनापासून वाटलं की घरावर सोलर बसवू. ५ किलोवॅटचा सेट घेतला तर तिथल्या उन्हात वर्षाला साधारण ८ हजार युनिट मिळतील. ८ हजार गुणिले २ फिल्स म्हणजे १६ दिनार. वर्षभर छतावर पॅनल चालवून वाचले १६ दिनार, साडेचार हजार रुपयांच्या आसपास. सेट बसवायला दीड हजार दिनार धरू, मग पैसे वसूल व्हायला नव्वदच्या वर वर्षं लागतात, आणि पॅनलचं आयुष्य असतं पंचवीस. तोच सेट महाराष्ट्रात तीनशे युनिटच्या वरच्या स्लॅबमधल्या माणसाकडे चार-पाच वर्षांत पैसे फेडतो. ऊन जवळपास तेवढंच, पॅनल तेच, बहुतेक चीनमधूनच आलेले. फरक फक्त बिलावरच्या दराचा.

म्हणजे घरमालक काही आळशी किंवा बेफिकीर नाहीये, त्याच्या जागी कोणीही असता तर त्यानं हेच केलं असतं. आणि एवढी स्वस्त वीज असल्यावर ती जपून वापरायचंही कारण उरत नाही, त्यामुळे तिथं माणशी वर्षाला १५ हजार युनिटच्या घरात वीज लागते, आपल्याकडे भारतात ती दीड हजाराच्याही आत आहे. पन्नासेक लाख लोकांच्या देशाची उन्हाळ्यातली विजेची सगळ्यात जास्त मागणी १७ हजार मेगावॅटच्या वर जाते, आणि बारा कोटींच्या महाराष्ट्राची जाते तीस हजारांच्या आसपास. त्या १७ हजारात सगळ्यात मोठा वाटा एसीचा असतो, आणि ५० डिग्रीत एसी ही चैन नाही, त्याशिवाय माणूस जगणार नाही, हे तिथं राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

मग दुसरी बाजू, सरकारची. समजा एक बॅरल तेल विकण्याऐवजी पॉवर स्टेशनमध्ये जाळलं. एका बॅरलमध्ये साधारण १,७०० युनिट एवढी उष्णता असते, त्यातली पस्तीस टक्के विजेत उतरली असं धरलं तर ६०० युनिट मिळतात. ती कुवेती घराला २ फिल्सनं विकली की हातात येतात १,२०० फिल्स, म्हणजे सव्वा दिनारही नाही, डॉलरमध्ये जेमतेम चार. तेच बॅरल जहाजात भरलं असतं तर साठ-सत्तर डॉलर आले असते. हा ढोबळ हिशोब आहे, प्लांट नवा-जुना असेल त्याप्रमाणे आकडे थोडे हलतील, पण चार आणि साठ यातलं अंतर काही बुजणार नाही. आणि कुवेत फक्त स्वतःचं तेल जाळतो असंही नाही, उन्हाळ्यात गॅस कमी पडतो म्हणून २००९ पासून तो बाहेरून एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस, विकत घेतोय, अल-झूरला त्यासाठी मोठं टर्मिनल बांधलं आणि कतारशी पंधरा वर्षांचा करार केला. जगात तेल विकणारा देश वीज बनवायला गॅस विकत घेतो आणि ती वीज पन्नास पैशांनी देतो.

इथं कोणी म्हणेल की ओपेकचा, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेचा, कोटा असतो, वाचवलेलं तेल विकता थोडंच येणार. पण कोटा असतो उत्पादनावर, निर्यातीवर नाही, त्यामुळे घरात जे कमी जाळाल ते तेवढंच जास्त बाहेर विकता येतं. म्हणजे सोलरचा प्रत्येक युनिट सरकारसाठी खरं तर कमाईचा आहे. घरमालकाला परवडत नसेल तर सरकारनं स्वतः वाळवंटात मोठे प्लांट टाकावेत, त्यासाठी कोणाचं बिल वाढवायची गरजच नाही. हा रस्ता मोकळा असायला पाहिजे होता, तो का अडला हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एक कारण टेक्निकल आहे आणि ते फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे पाणी. कुवेतमध्ये नदी नाही, पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं गोडं करून येतं. आणि हे काम तिथं मोठ्या प्रमाणावर पॉवर स्टेशनमध्येच होतं. आपल्या साखर कारखान्यात कोजन कसं चालतं ते डोळ्यासमोर आणा, चिपाडं जाळून वाफ केली, त्या वाफेवर टर्बाइन फिरवून वीज काढली आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवला. तिथं रसाच्या जागी समुद्राचं पाणी आहे, त्याची वाफ करून परत थंड केली की मीठ खाली राहतं आणि गोडं पाणी मिळतं. वीज आणि पाणी एकाच बॉयलरला बांधलेले.

आता हिवाळा घ्या. एसी बंद, विजेची मागणी उन्हाळ्याच्या निम्म्याहून खाली, पण लोक पाणी काही निम्मं पीत नाहीत, आंघोळ तर रोजचीच. त्यामुळे पाण्यासाठी बॉयलर चालू ठेवावेच लागतात आणि त्याबरोबर वीज तयार होतच राहते. अशा वेळी दुपारी सोलरची हजारो मेगावॅट आली तर ती घालायची कुठं? सोलर घ्यायचं म्हणून बॉयलर बंद केला तर नळाला पाणी येणार नाही. यावर उपाय आहे, रिव्हर्स ऑस्मोसिस, आपल्या घरच्या आरओचंच मोठं रूप, त्याला वाफ लागत नाही, नुसती वीज लागते, आणि ती सोलरची असली तरी चालते. सौदी आणि यूएई आता नवीन प्लांट बहुतेक आरओचेच काढतायत. पण म्हणजे सोलर वाढवायचं तर आधी किंवा सोबत पाण्याची अख्खी व्यवस्था बदलावी लागते, जुने वाफेवरचे प्लांट अजून चालण्यासारखे आहेत, त्यात पैसा घातलेला आहे, ते मोडीत काढायचं कोणाच्याही जिवावर येईल. पॅनल विकणारा हे सांगत नाही, पण सोलरच्या योजना कागदावर राहण्यात या बॉयलरचा वाटा खूप आहे.

धूळ आणि उष्णतेचं कारण मात्र लोक गरजेपेक्षा जास्त पुढं करतात. ते खोटं नाही. पॅनलची जी क्षमता लिहिलेली असते ती २५ डिग्रीला मोजलेली असते, त्यावर पॅनल जेवढा तापेल तेवढी वीज कमी होते, एका डिग्रीला एक तृतीयांश टक्का समजा. कुवेतच्या दुपारी काच ७० डिग्रीपर्यंत तापली की पंधरा टक्के वीज तिथंच गेली. शमाल, म्हणजे तिकडचा वायव्येचा वारा, सुटला की बारीक धूळ, पिठासारखी, आणि पहाटे दव पडलं की ती काचेवर चिकटून बसते, नुसत्या फुंकरीनं जात नाही. धुवायचं तर पाणी लागतं आणि ते पाणी परत तेल जाळून केलेलं. पण यावर उपाय निघालेत, कोरड्या ब्रशचे रोबो रात्री रांगेवरून फिरतात, आणि एवढा तोटा धरूनसुद्धा शेजारच्या देशांत जगातली जवळपास सगळ्यात स्वस्त सोलर वीज निघतेय. अबू धाबीच्या अल धफ्रा प्लांटची २०२० मधली बोली युनिटला १.३५ सेंट होती. तिथंही तेच ऊन आणि तीच धूळ. त्यामुळे धुळीला दोष देऊन कुवेतचा प्रश्न सुटत नाही.

आता राजकारणाकडे येऊ. आखातात राज्यकर्ते आणि जनता यांच्यात एक न लिहिलेला करार आहे. इन्कम टॅक्स नाही, सरकारी नोकरी, स्वस्त वीज, पाणी, पेट्रोल, शिक्षण, दवाखाना, आणि हे सगळं तेलातून. नागरिकाच्या नजरेतून २ फिल्स ही सरकारची मेहेरबानी नाहीच, देशाच्या तेलातला तो त्याचा हक्काचा वाटा आहे. मला हे समजण्यासारखं वाटतं, जमिनीखालची संपत्ती सगळ्यांची असेल तर प्रत्येकाला काहीतरी मिळालं पाहिजे, फक्त ते विजेच्या दरातून दिलं की ज्याचा बंगला मोठा आणि ज्याचे एसी जास्त त्याला जास्त वाटा मिळतो. आणि कुवेतमध्ये बाकीच्या आखातापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे निवडून आलेली संसद होती, तिच्यात दम होता, ती मंत्र्यांना जाब विचारायची. २०१६ मध्ये तेलाचे भाव पडले तेव्हा सरकारनं दरवाढीचा कायदा आणला, संसदेनं तो पास केला पण नागरिकांची घरं त्यातून वगळून. वाढ आली ती दुकानांवर, आणि ज्या अपार्टमेंटमध्ये मुख्यतः परदेशी लोक भाड्यानं राहतात त्यांच्यावर, तिथं दर ५ फिल्सवर गेला.

पण ज्यांचा दर वाढला त्यांनाही सोलर बसवता येत नाही हे बघा. देशातली दोन तृतीयांशहून जास्त माणसं परदेशी आहेत, त्यात सगळ्यात मोठा गट भारतीयांचा. सालमिया, फरवानिया, अब्बासिया इथल्या इमारतींत आपली माणसं एक-दोन खोल्यांत राहतात, छत मालकाचं, मीटर पुष्कळदा मालकाच्या नावावर, बिल भाड्यातच धरलेलं. भाडेकरूला पॅनल लावायला जागा नाही आणि मालकाला लावायचं कारण नाही. आज व्हिसा आहे, उद्या नसेल, असा माणूस वीस वर्षांचा विचार कसा करणार.

राहिलं मोठ्या प्लांटचं. कुवेतनं ते करून बघितलंय. शहरापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला शगाया इथं ७० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, तिथल्या वैज्ञानिक संशोधन संस्थेनं आखलेला, २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यात १० मेगावॅट साधे पॅनल, १० मेगावॅट पवनचक्क्या आणि ५० मेगावॅट आरशांचा प्लांट, ज्यात उन्हाची उष्णता वितळलेल्या मिठात साठवून सूर्य बुडाल्यावरही काही तास वीज काढता येते. तिन्ही गोष्टी तिथल्या हवेत चालतात का बघायला हा प्रयोग होता, आणि चालतात हे दिसलं. त्यापुढचा खरा मोठा प्रकल्प होता अल दिब्दिबा, हजार मेगावॅटच्या बराच वरचा. जुलै २०२० मध्ये कोविड आणि पडलेले तेलाचे भाव सांगून तो रद्द केला.

या रद्द होण्यात तेलवाल्या देशांचा मोठा अडसर स्पष्ट दिसतो. भाव चढलेले असतात तेव्हा पैसा खूप असतो पण घाई कोणाला नसते, बजेट भागतंय, सबसिडी भागतेय, कशाला लोकांना दुखवा. भाव पडतात तेव्हा बदलाची निकड सगळ्यांना पटते, समित्या बसतात, रिपोर्ट येतात, पण तेव्हा हातात पैसा नसतो आणि पहिली कात्री नव्या प्रकल्पांना लागते. सरकारचं नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पन्न एकाच वस्तूतून येत असेल तर असंच होणार. त्यात कुवेतला कर्ज काढायचीही सोय नव्हती, कर्जाचा कायदा २०१७ मध्ये संपला आणि नवा यायला २०२५ उजाडलं. आणि मधल्या काळात डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२४ एवढ्यात चार निवडणुका, दर थोड्या महिन्यांनी नवं मंत्रिमंडळ, वीजमंत्री फाईल वाचून होईपर्यंत बदललेला. सोलर प्लांटचं टेंडर, करार, ग्रिडची लाईन, जमीन हे सगळं व्हायला तीन-चार वर्षं एकाच दिशेनं काम लागतं. जमिनीचंही सोपं नाही, वाळवंट नकाशावर रिकामं दिसतं पण त्यात तेलक्षेत्रं, पाइपलाइनी आणि लष्कराच्या जागा असतात. शेवटी मे २०२४ मध्ये अमिरांनी संसदच चार वर्षांपर्यंत स्थगित केली.

त्यानंतर महिनाभरात, जून २०२४ मध्ये, कुवेतमध्ये लोडशेडिंग झालं. भागवार, एक-दोन तासांचं, दुपारी मागणी सगळ्यात जास्त असताना. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण ज्या वेळात वीज कमी पडली ती म्हणजे साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, नेमकं त्याच वेळात सोलर सगळ्यात जास्त वीज देतं. उन्हाळ्यात एसीची मागणी ऊन वाढेल तशी वाढते, म्हणजे सोलरला याहून सोयीची मागणी जगात क्वचितच कुठं मिळेल. अल दिब्दिबा वेळेवर झाला असता तर त्या दुपारी ग्रिडवर हजारभर मेगावॅट जास्त असते. रात्रीचा प्रश्न आहेच, रात्रीही एसी चालतात आणि तिथं बॅटरी लागेल, पण तो प्रश्न सोलरची पहिली चार-पाच हजार मेगावॅट टाकून झाल्यावरचा आहे, पहिलीच टाकायला रात्रीचं कारण पुढं करणं मला पटत नाही. आणि या सगळ्याची झळ सगळ्यात जास्त लागते ती बाहेर काम करणाऱ्याला. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला तिथं बंदी आहे, तो माणूस त्या वेळेत खोलीवर येतो आणि तेव्हाच लाईट गेलेली असते.

शेजाऱ्यांनी काय केलं ते थोडक्यात. सौदीनं २०१२ मध्ये ४१ हजार मेगावॅट सोलरची घोषणा केली होती, ती हवेतच राहिली, २०१८ मध्ये सॉफ्टबँक या जपानी कंपनीबरोबर दोन लाख मेगावॅटची केली, तीही गुंडाळली. पण त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी घरगुती विजेचा खालचा दर युनिटला ५ हलालांवरून (शंभर हलालांचा एक रियाल) १८ वर नेला, आणि त्याआधी महिनाभर नागरिक खातं नावाची योजना सुरू करून कमी-मध्यम उत्पन्नाच्या घरांना थेट बँकेत पैसे द्यायला लागले. वाटा काढून नाही घेतला, तो देण्याचा रस्ता बदलला. सकाकाचा ३०० मेगावॅटचा प्लांट त्याच वर्षी दिला गेला आणि नंतर सुदैरचा दीड हजारांचा उभा राहिला. यूएईनं दुसरा रस्ता धरला, सरकारी कंपनी पंचवीस-तीस वर्षांचा वीज खरेदी करार देते, बोली लागते, बांधणारा बांधतो. दुबईकडे तर तेल फारसं नाहीच, गॅस बाहेरून येतो, त्यामुळे तिथं २०१२ लाच सोलर पार्क जाहीर झाला.

आखाताबाहेर नायजेरिया बघा. तिथं तेल आहे पण ग्रिड मोडकळीला आलेली, घरोघरी पेट्रोलचे जनरेटर. मे २०२३ मध्ये पेट्रोलची सबसिडी एका झटक्यात काढली, भाव दुपटीहून जास्त झाले, लोकांचे फार हाल झाले, आणि ज्यांना जमलं ते सोलर आणि बॅटरीकडे वळले. लोक दरानं हलतात हे त्यातून दिसलं, पण कुठलीही भरपाई न देता असं करणं कुवेतनं काय, कोणीच करू नये. नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात, पण तिथं तेल सापडलं १९६९ मध्ये आणि धबधब्यांवरची वीज त्याच्या कितीतरी आधीपासून होती, त्यांना जुनं काही सोडावंच लागलं नाही.

कुवेतनं शगायाच्या पुढच्या टप्प्याचं, १,१०० मेगावॅटचं टेंडर काढलंय, अल दिब्दिबाचीच ती जागा. २०२४ च्या उन्हाळ्यासाठी ओमान आणि कतारकडून आखाती ग्रिडवरून वीजही घेतली होती. माझ्या मते हे टेंडर यावेळी पार पडेल, कारण लोडशेडिंग एकदा झालं की कुठलंही सरकार ते विसरत नाही. घरांचं मात्र २ फिल्सला हात लावल्याशिवाय काही होणार नाही, आणि तो लावायचा असेल तर सौदीसारखा, आधी खात्यात पैसे आणि मग दर. शिवाय घराच्या गरजेपुरते पहिले काही युनिट २ फिल्सनंच ठेवून वरच्यांना खरा दर लावता येईल. पाण्याचे नवे प्लांट आरओचे काढले की हिवाळ्यातला बॉयलरचा अडसरही सुटायला लागेल. परदेशी लोकांच्या इमारतींवर पॅनल लावायला मालकाला काहीतरी मिळालं पाहिजे, छतावरची जास्तीची वीज सरकारनं ५ फिल्सहून चांगल्या दरानं विकत घेतली तरी ती सरकारला बॅरल जाळण्यापेक्षा स्वस्तच पडेल.